बोट दाखवावे की यादी लिहावी?



वाण्याच्या दुकानातून सामान आणण्याच्या दोन रीती आपण सारेच जाणतो. एक म्हणजे स्वतः दुकानापुढे उभे राहायचे आणि बोट दाखवून म्हणायचे, "ती डाळ द्या, तो गूळ द्या." दुसरी म्हणजे कागदावर यादी लिहायची आणि पोराच्या हाती धाडायची. पहिल्या रीतीत जिनसेचे नाव माहीत नसले तरी अडत नाही. दुसरीत नाव हवे, वजन हवे, अक्षरही बरे हवे. पण यादीचा एक गुण बोटाला नाही. यादी मागे उरते. पुढल्या महिन्यात तीच पुन्हा देता येते, आणि पोरगा काय विसरला तेही तिच्यावरून कळते.

आज मला बोलायचे आहे ते सर्व्हरविषयी. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना मागतील ते पुरवणारा संगणक. शाळेतली मुले आपापल्या पडद्यावर धडा उघडतात, तो या एका यंत्रातून त्यांच्याकडे येतो. कोणती वस्तू कुठे ठेवायची, कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे सर्व्हरला आधी नेमून द्यावे लागते. ते नेमून देण्याच्याही याच दोन रीती आहेत. एक खिडक्यांची. पडद्यावर चौकटी नि बटणे दिसतात. माउसने खूण केली की झाले. दुसरी कमांड लाइनची. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, किंवा सेटिंगची फाइल उघडून तीत ओळी लिहायच्या.

यांत आज्ञेची रीत थोरली. केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली युनिक्सचा पाया घातला, तो आज्ञा टाइप करण्याच्याच रीतीवर. खिडक्या सामान्य माणसाच्या ओळखीच्या झाल्या त्या १९८४ च्या मॅकिंटॉशपासून. पुढे सर्व्हरसाठीही खिडक्या आल्या. वेबमिन हे त्यांतले एक साधन १९९७ सालचे.

आता आमच्या शाळेत काय घडले ते सांगतो. आमच्या संगणक खोलीत एक सर्व्हर होता. त्यावर अपाचे नावाचा प्रोग्रॅम धडे पुरवीत असे. आमच्या एका सहकाऱ्याने हौसेने, खिडक्यांतून खुणा करीत, त्याची सारी मांडणी केली होती. काम नामी झाले. मग त्यांची बदली झाली, आणि त्या पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. नवी डिस्क आली, अपाचेही पुन्हा बसवला. पण धडे काही उघडेनात. त्यांना फोन केला तर तेही बिचारे म्हणाले, "कुठल्या खिडकीत काय खूण केली होती, ते आता आठवत नाही हो!" आठ दिवस मुले कोऱ्या पडद्यापुढे बसून गेली.

मग काय, खिडक्या वाईट? मुळीच नाही. नवख्या माणसाला काय काय करता येते हे खिडकी दाखवते; काळा पडदा गप्प बसून असतो. शिवाय वेबमिनसारखे साधन आपण केलेली खूण शेवटी त्याच सेटिंगच्या फाइलीत लिहिते. म्हणजे यादी तिथेही तयार होतच होती. आम्ही ती उघडून पाहिली नाही आणि तिची नक्कल ठेवली नाही, चूक ती आमची. एक सावधगिरी मात्र हवी. सीपॅनेलसारखी काही साधने अपाचेची मुख्य फाइल स्वतःच पुन्हा लिहून काढतात. तिथे आपण हाताने घातलेली ओळ पुसली जाते. अशा ठिकाणी साधनाने नेमून दिलेल्या जागीच लिहावे.

कमांड लाइनही निर्धोक नाही. पुसण्याची आज्ञा दिली की ती बहुधा "खरेच पुसू का?" असे विचारीत नाही. पण तिचे उपकारही मोठे. दूरच्या सर्व्हरला हुकूम देण्यासाठी एसएसएच नावाची सोय १९९५ पासून आहे. तीतून मुख्यतः अक्षरेच जातात, म्हणून गावातली लाइन मंद असली तरी काम निभते. आणि एकदा लिहिलेली आज्ञा दहा यंत्रांना तशीच देता येते. खिडक्यांसाठीच नाव असलेल्या मायक्रोसॉफ्टनेही २००६ साली पॉवरशेल हे आज्ञांचे साधन दिले, आणि २००८ मध्ये नेहमीच्या खिडक्यांचा पसारा नसलेला सर्व्हर बसवण्याची सोय केली, ती उगाच नव्हे.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आम्ही त्या आठ दिवसांतून चार नेम शिकलो. पहिला, फाइलीला हात लावण्याआधी तिची नक्कल करावी. दुसरा, एका वेळी एकच बदल करावा. तिसरा, बदल लागू करण्याआधी तपासून घ्यावा. अपाचेसाठी 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा आहे. लिहिण्यात चूक असेल तर ती ओळीचा क्रमांक सांगते. नसेल तर 'सिंटॅक्स ओके' म्हणते. व्याकरण बरोबर म्हणजे अर्थही बरोबर, असे मात्र समजू नये. हे शिक्षकांना मी काय सांगावे? चौथा नेम मला सर्वांत मोलाचा वाटतो. अपाचेच्या फाइलीत ज्या ओळीच्या आरंभी # ही खूण असते, ती ओळ तो सोडून देतो. ती ओळ माणसांसाठी. तिथे तारीख घालावी आणि हा बदल का केला ते लिहावे. चक्क मराठीत लिहिले तरी चालते.

दोन वर्षांनी आमची डिस्क पुन्हा बिघडली. या वेळी जपून ठेवलेल्या फाइली नव्या डिस्कवर घातल्या, आणि मधल्या सुट्टीनंतर वर्ग सुरू झाला. बसवणारी बाई शाळेत नवीनच आलेली होती. तिला विचारायला कोणी लागले नाही. सारे काही लिहिलेले होते.

तेव्हा मंडळी, खिडकीतून खुशाल पाहा, बोटही दाखवा. पण घरी जाण्यापूर्वी यादी तेवढी लिहून ठेवा. आपल्यामागून त्या खुर्चीवर कोणी तरी बसणार आहे.