शाळाप्रवेश आणि त्रिगुणी लस



‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग वृद्धांच्या तोंडी अजून ऐकू येतो. देवीचा रोग मात्र उरलेला नाही. १८०२ च्या जूनमध्ये जेन्नरची लस मुंबईत प्रथम टोचली गेली आणि १९८० साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

लस म्हणजे शरीरास शत्रूची आगाऊ करून दिलेली ओळख होय. घटसर्पाचे जंतू विष निर्माण करतात. ते विष निरुपद्रवी करून टोचले असता रक्तात प्रतिकारक द्रव्ये तयार होतात व शत्रूची स्मृती मागे राहते. टोचल्यावर एखादा दिवस येणारा ताप हे बहुधा या तयारीचेच चिन्ह असते. पालकांस हे आधीच सांगितले, तर पुढील टोचणीस ते सहसा पाठ फिरवीत नाहीत.

ही स्मृती कालांतराने क्षीण होते. म्हणून घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लस पाच ते सहा वर्षांच्या वयात पुन्हा टोचावी लागते. पहिलीच्या प्रवेशाचे वय नेमके हेच! तोवर मूल हिंडतेफिरते झालेले असते आणि लसीकरणाचे कार्ड पेटीच्या तळाशी गेलेले असते. जन्मदाखल्याबरोबर तेही पाहण्यास कितीसा वेळ लागणार? धनुर्वाताच्या बाबतीत तर शेजारच्या मुलाने लस घेतल्याने आपले मूल सुरक्षित होत नाही. त्याचे जंतू मातीतच असतात, आणि मुले अनवाणी खेळतात. ज्याचे कार्ड सापडत नाही, त्याचे नाव त्याच आठवड्यात उपकेंद्राच्या परिचारिकेकडे द्यावे.