स्वयंसेवकांचे दान आणि नागरिकांचे देणे



पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांच्या, वैद्यांच्या आणि अन्य व्यावसायिकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. अशा प्रसंगी अध्यक्षाने व्यवसायाच्या प्रगतीचा आढावा घ्यावा आणि तरुणांना चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, असा प्रघात आहे. परंतु ज्या भूमीत आपण घरे बांधली, मुले वाढवली आणि जिच्या सुव्यवस्थेचा उपभोग आपण प्रत्यही घेतो, त्या भूमीतील एका प्राचीन आणि सांप्रत विपन्नावस्थेला पोहोचलेल्या संस्थेविषयी आपले काही कर्तव्य आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले असल्यामुळे आजचे भाषण मी त्या एकाच विषयाला वाहिले आहे. ती संस्था म्हणजे आपल्या टाउनशिपमधील स्वयंसेवकांची अग्निशमन मंडळी, अर्थात व्हॉलंटियर फायर कंपनी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनावर मुंबई-पुण्याचे संस्कार आहेत. आगीचा बंब हा नगरपालिकेचा, त्यावरील जवान पगारी आणि त्याचा खर्च सरकारी खजिन्यातून, ही गोष्ट आपण बाळपणापासून गृहीत धरलेली असते. मुंबईच्या अग्निशमन दलाची स्थापना 1887 सालची असून, 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा या दलाच्या 66 जवानांनी प्राणार्पण केले, हे आपणांस विदितच आहे. तीच समजूत बरोबर घेऊन आपण या देशात आलो. आणि 911 हा क्रमांक फिरवला की कोणी तरी नोकरीवरचा मनुष्य धावून येईल, अशा भरवशावर निश्चिंत राहिलो. वस्तुस्थिती अशी आहे, की फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग यांसारखी मोठी शहरे वगळली, तर या राज्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक अग्निशमन मंडळ्या स्वयंसेवकांच्या आहेत. मध्यरात्री आपल्या दाराशी जो उभा राहतो, तो दिवसा शाळेत शिकवणारा, नळदुरुस्ती करणारा किंवा दुकान चालवणारा आपला शेजारी असतो आणि या कामाचे वेतन तो घेत नाही.

या संस्थेचे मूळ फिलाडेल्फियातच आहे. 7 डिसेंबर 1736 रोजी बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याचे स्नेही यांनी युनियन फायर कंपनी स्थापन केली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि आगीतून सामान वाचवण्यासाठी मजबूत पिशव्या स्वखर्चाने सज्ज ठेवाव्यात, असा तिचा नियम होता. आणि मासिक सभेला जो गैरहजर राहील त्याच्याकडून दंड वसूल करून त्या रकमेतून बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले जात. श्रम स्वेच्छेचे असले तरी द्रव्याची बाब मात्र लेखी करारानेच बांधलेली असावी, हे त्या व्यवहारचतुर पुरुषाने प्रारंभीच ओळखले होते. पुढे 1752 साली त्याच्याच पुढाकाराने परस्पर सहकार्यावर आधारलेली अग्निविमा संस्थाही त्या शहरात निघाली, आणि ती आजतागायत चालू आहे. फिलाडेल्फियाने 1871 साली पगारी दल उभारले. गावांनी आणि उपनगरांनी मात्र जुनी परंपरा कायम ठेवली.

ती परंपरा आज क्षीण होत चालली आहे. 1970 च्या दशकात या राज्यात अंदाजे तीन लाख स्वयंसेवक अग्निशामक होते, असे सांगतात. 2018 साली राज्याच्या विधिमंडळाला सादर झालेल्या अहवालात ही संख्या सुमारे अडतीस हजारांवर आल्याचे नमूद आहे. गावातच काम करणारा मनुष्य आता तासाभराच्या अंतरावर नोकरीला जातो, त्यामुळे दिवसाच्या वर्दीला पुरेशी माणसे मिळत नाहीत. शिक्षणाचे तास आणि कामाची व्याप्ती दोन्ही वाढली आहेत, आणि रस्त्यावरचे अपघात, विषारी वायूची गळती, पूर या सर्व प्रसंगी बोलावणे याच मंडळींना येते. त्यातच आगीचे स्वरूपही बदलले आहे. लाकूड आणि कापूस यांच्या जुन्या सामानाने भरलेली खोली पूर्णपणे पेटायला प्रयोगांत जेथे जवळजवळ अर्धा तास लागला, तेथे कृत्रिम फोमच्या आणि प्लॅस्टिकच्या आधुनिक सामानाने भरलेली खोली चार मिनिटांच्या आत पेटली. म्हणजे शेजारच्या गावाची मंडळी येईपर्यंत वाट पाहण्याची सवड आता उरलेली नाही.

आणि हे सर्व कार्य महाग आहे. कोणत्याही मंडळीच्या इमारतीत गेलात, तर भिंतीलगत एका ओळीत बुटांवर दुमडून ठेवलेल्या विजारी दिसतील. वर्दी येताच त्यांत पाय घालून त्या एका झटक्यात वर ओढता याव्यात, म्हणून ती योजना असते. वर डगला, शिरस्त्राण, हातमोजे. या एका पोशाखाला काही हजार डॉलर पडतात, आणि तो न फाटता राहिला तरी दहा वर्षांनी बाद करावा, असा सुरक्षेचा मान्य दंडक आहे. श्वासोच्छ्वासाचे उपकरण निराळे. बंबाची किंमत आज सात-आठ लाख डॉलरांपासून दहा लाखांच्या घरात जाते, आणि उंच शिडीच्या गाडीला त्याहूनही कितीतरी अधिक मोजावे लागतात.

हा पैसा येतो कोठून? शुक्रवारी संध्याकाळी त्याच इमारतीच्या सभागृहात जाऊन पाहा. ज्यांनी आदल्या रात्री जळत्या छपरावर चढून आग विझवली, तेच हात तळलेले मासे ताटात वाढत असतात, बिंगोच्या चिठ्ठ्या विकत असतात आणि कार्यक्रम आटोपल्यावर खुर्च्या आवरत असतात. वर्षातून एकदा घरोघर वर्गणीचे पत्र जाते, त्यासोबत परतीचा लिफाफा असतो. आणि जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर तो न उघडताच टाकून देणाऱ्यांत आपल्या मराठी घरांची गणना होत नाही, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. जो मनुष्य आपला प्राण पणाला लावतो, त्यालाच त्याच्या शिरस्त्राणासाठी झोळी फिरवावी लागावी, ही व्यवस्था मला समाजाला लांच्छनास्पद वाटते.

सरकार काहीच देत नाही, असे नाही. राज्याबाहेरील विमा कंपन्यांच्या अग्निविम्याच्या हप्त्यांवर दोन टक्के कर आहे आणि तो स्वयंसेवकांच्या साहाय्यक निधीकडे जातो. परंतु ती रक्कम विमा, अपघातग्रस्तांचे साहाय्य, शिक्षण आणि सुरक्षासाहित्य यांसाठी राखीव असल्यामुळे तीतून इंधनाचे किंवा इमारतीच्या विजेचे बिल भागत नाही. राज्याचे कर्ज दोन टक्के व्याजाने मिळते, पण ते फेडावे लागते. 2001 पासून संघराज्य सरकारचे अनुदान आहे. ते स्पर्धेने मिळते आणि त्याचे अर्ज भरण्याचे कामही दिवसभर नोकरी करून आलेल्या कोणा सचिवाला रात्री जागून करावे लागते. यांतील प्रत्येक साहाय्य उपयुक्त आहे, परंतु ज्यावर अंदाजपत्रक निर्धास्तपणे उभे करावे, असा शाश्वत आधार त्यांपैकी एकही नाही.

म्हणून माझे प्रतिपादन स्पष्ट आहे. सेवा ऐच्छिक असू शकते. ती सेवा ज्या साधनांनी घडते त्यांचा खर्च ऐच्छिक असता कामा नये. स्वयंसेवक आपले श्रम देतो, ते दान आहे. ते दान ज्यांनी स्वीकारले त्या नागरिकांवर साधनांचा खर्च हे देणे आहे, आणि देण्याची वसुली मर्जीवर सोपवीत नसतात. 2008 च्या कायद्यांनी टाउनशिप आणि बरो या स्थानिक स्वराज्य संस्थांवर अग्निसेवा उपलब्ध राहील हे पाहण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि तीत आर्थिक साहाय्याचाही उल्लेख आहे. मात्र ते किती द्यावे हे ठरवण्याची मुभा त्यांनाच असल्यामुळे एखादे गाव भरघोस तरतूद करते आणि लगतचे गाव नाममात्र रक्कम देऊन मोकळे होते. मालमत्तेवर स्वतंत्र अग्निकर बसवण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला आहे. नोकरदाराकडून वर्षाला कमाल 52 डॉलर घेतला जाणारा स्थानिक सेवाकर आहे, आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान चतुर्थांश आपत्कालीन सेवांवर खर्चिला पाहिजे, असा दंडक आहे. 2016 च्या कायद्यान्वये स्वयंसेवकांना करात सवलतही देता येते. अधिकार आहेत, मार्ग आहेत. ते वापरावेत असा लोकांचा आग्रह तेवढा नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते प्रामाणिक आहेत. कराचा पैसा आला की मंडळींचे स्वातंत्र्य जाईल आणि वर्गणीबरोबर आपुलकीही आटेल, असे जुने सभासद म्हणतात. मला वाटते, आपुलकी आटते ती थकव्याने; तीस वर्षे बिंगो चालवून शिणलेल्या मनुष्याला त्या कामातून मुक्त केले, तर तोच वेळ तो नव्या पोरांना शिकवण्यात घालवील. दुसरा आक्षेप करदात्यांचा, की आमच्या पैशाचा हिशेब काय? हा प्रश्न सर्वस्वी रास्त आहे. सार्वजनिक द्रव्य घेणाऱ्या मंडळीचे दफ्तर चोख असले पाहिजे, प्रत्येक चेकवर दोन सह्या असल्या पाहिजेत, बाहेरच्या हिशेबतपासनिसाने दरसाल जमाखर्च तपासला पाहिजे. आणि दोन-तीन मैलांवर दोन मंडळ्या, दोन इमारती आणि दोन महाग शिड्या पोसल्या जात असतील, तर अभिमान बाजूला ठेवून त्यांनी एकत्र येण्याचा विचार केला पाहिजे. स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यांचा विरोध नाही. फ्रँकलिनच्या मंडळीत दोन्ही एकत्र नांदत होती.

आपणा मराठी माणसांना हे तत्त्व नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि पैशापैशाने जमलेल्या त्या निधीतून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्या योजनेचे बळ देणगीच्या मोठेपणात नव्हते; प्रत्येकाने थोडे, परंतु नियमितपणे द्यावे, या शिस्तीत होते. मी तीच शिस्त येथे मागतो आहे.

तेव्हा या व्यासपीठावरून माझी आपणांस चार गोष्टींची विनंती आहे. आपल्या घराचे रक्षण कोणती मंडळी करते, हे याच आठवड्यात शोधून काढा आणि तिच्या इमारतीत जाऊन या. यंदाचे वर्गणीचे पत्र येईल तेव्हा ते उघडा आणि भरून परत पाठवा. टाउनशिपच्या अंदाजपत्रकाच्या सभेला हजर राहा, आणि अग्निकराचा प्रस्ताव आला तर कर वाढतो म्हणून विरोधी हात वर करण्यापूर्वी आपल्या हिश्श्याला किती डॉलर येतात, हे मोजून पाहा. आणि आपल्यांत जे हिशेबतपासनीस, अभियंते, कायदेपंडित किंवा अर्ज लिहिण्यात निष्णात आहेत, त्यांनी आपले कौशल्य मंडळीच्या खजिनदाराच्या हाती द्यावे. बंबावर चढण्याचे वय निघून गेले असले, तरी कामास येण्याचे गेलेले नाही. या परिषदेने आज या आशयाचा ठराव संमत करावा आणि त्याची अंमलबजावणी प्रत्येक सभासदाने स्वतःच्या गावापासून सुरू करावी, अशी आग्रहाची विनंती करून मी माझे भाषण संपवतो.