बाब-अल-मंदेब आणि आपला जिल्हा



बाब-अल-मंदेब हे नाव निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना आता नव्यानं सांगायला नको. येमेनच्या हूथी बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात एक मालवाहू जहाज पळवून नेलं. महिन्याभरात जगातल्या बड्या जहाज कंपन्यांनी त्या वाटेकडं पाठ फिरवली. तेव्हापासून हे नाव बांधावरच्या गप्पांत आलं. आज त्या जागेचा भूगोल जरा सावकाश पाहू. इतिहासही पाहू, कारण तिथून आपल्याकडं येणारी वाट द्राक्षांच्या फार आधीची आहे.

आपली द्राक्षं घेऊन न्हावाशेव्याहून युरोपला निघालेलं जहाज अरबी समुद्र ओलांडून एडनच्या आखातात शिरतं. उजव्या हाताला येमेन, डाव्या हाताला आधी सोमालिया, मग जिबुती. दोन्ही किनारे जवळ येत येत तीसेक किलोमीटरवर येतात, तीच बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी. नाशिकहून सिन्नर साधारण तेवढंच. एकीकडं आशिया, दुसरीकडं आफ्रिका. त्यातही मध्येच येमेनचं पेरिम बेट आहे. बेटाच्या पूर्वेची वाट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि तीसेक मीटर खोल. पश्चिमेची पंचवीस किलोमीटर रुंद, तीनशे मीटरपर्यंत खोल. मोठी जहाजं पश्चिमेनं जातात, पण तीही मनाला येईल तिथून नाही. जाणाऱ्यांना एक आणि येणाऱ्यांना एक, अशा सुमारे दोन-दोन मैलांच्या मार्गिका आखलेल्या आहेत. म्हणजे काठावर दबा धरून बसलेल्याला जहाज शोधत हिंडावं लागत नाही.

या चिंचोळ्या जागेचं पाण्याशी नातंही मोठं गमतीचं आहे. तांबड्या समुद्राला एकही बारमाही नदी मिळत नाही. पाऊस नावाला. उन्हानं वर्षाकाठी सुमारे दोन मीटर पाणी उडून जातं. ही तूट भरून निघते ती मुख्यतः याच दारातून. हिवाळ्यात वरच्या थरातून बाहेरचं हलकं पाणी आत शिरतं आणि त्याच वेळी तळाशी जास्त खारट, जड पाणी बाहेर पडतं. उन्हाळ्यात वारा फिरतो, वरचं पाणी आखाताकडं ढकललं जातं, मग बाहेरचं थंड पाणी मधल्या थरातून आत घुसतं. एकाच जागी एकाच वेळी उलटसुलट वाहणारे थर! हे दार बंद झालं तर तांबडा समुद्र आटत जाऊन मिठागर होईल. तशी भीती मात्र नाही, कारण अरबस्तान आणि आफ्रिका एकमेकांपासून हळूहळू दूर सरकताहेत.

आता माणसांकडं वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं या समुद्राची वाटाड्या-पुस्तिका लिहिली, ती ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाते. सामुद्रधुनीतलं बेट, तिथल्या पाण्याची ओढ आणि डोंगरावरून येणारे जोरकस वारे हे सगळं त्यानं टिपलं आहे. इजिप्तहून जुलैत निघायचं, नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घ्यायचा आणि भडोच गाठायचं, असा तो बेत. कल्याण, पैठण आणि तेर ही आपली गावंही त्याला ठाऊक होती. भडोचला उतरणाऱ्या मालात त्यानं इटलीची द्राक्षमदिरा आणि सोन्याचांदीची नाणी नोंदवली आहेत. आज नाशिकची द्राक्षं उलट्या दिशेनं जातात. व्यापाराला उलटसुलटचं काही वाटत नाही.

त्या काळी भडोचवर सत्ता होती क्षत्रप नहपानाची. त्याचा जावई उषवदात. पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात त्याचा लेख आहे. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं धर्मशाळा बांधल्याचं सांगितलं आहे. भडोच आणि सोपारा ही बंदरं आणि नाशिकजवळचं गोवर्धन एकाच दमात! पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. त्याचा पुरावा सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडला, तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा. एका बाजूला नहपानाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं. साठ्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीनं आपला ठसा असा हाणलाय, की राजाच्या गालावरच डोंगराचं चिन्ह उमटलंय. एवढी चांदी आली कुठून? इथं तर चांदीची खाण नाही. बोट जातं ते बंदरांकडं आणि त्यांच्यापलीकडच्या या दाराकडं.

मधली शतकं ओलांडतो. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं एडन घेतलं आणि १९३२ पर्यंत तिथला कारभार मुंबई इलाख्याकडं होता. म्हणूनच वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेपेवर एडनला धाडणं सरकारला सोपं गेलं. तिथल्याच तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि सामुद्रधुनीचं महत्त्व एकदम वाढलं. भगूरचे सावरकर १९०६ मध्ये लंडनला निघाले ते याच वाटेनं आणि १९१० मध्ये कैदी म्हणून परतले तेही इथूनच.

आज जिबुतीच्या छोट्याशा भूमीवर अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि चीन या सगळ्यांचे लष्करी तळ आहेत. इतके पहारेकरी असूनही २०२४ मध्ये जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालत होती, म्हणजे वास्को द गामाच्या वाटेनं. सुएझमार्गे न्हावाशेवा ते रॉटरडॅम साधारण साडेसहा हजार सागरी मैल; आफ्रिकेला वळसा घातला की साडेदहा हजारांच्या वर. वीस-पंचवीस दिवसांचा प्रवास पस्तीस-चाळीस दिवसांवर गेला आणि भाडं कितीतरी पटींनी वाढलं.

द्राक्ष काही लोखंड नव्हे. पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग करून, पनेटवर गंधकाची चादर टाकून, शून्य-एक अंशाच्या रीफर कंटेनरमध्ये माल भरला तरी दिवस मोजलेले असतात. साल पातळ असलेल्या थॉमसनला जादा दिवस जड जातात. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी सैल होतात. तिकडं पेटी उघडणारा चाखण्याआधी देठ पाहतो. बरेच व्यवहार माल पोचल्यावर, तपासणीनंतर पक्के होतात. त्यामुळं केपच्या वळशाचे जादा दिवस बागायतदाराच्या हिशेबपट्टीत उतरतात.