भिंतींमागील विचार : तत्त्वज्ञान आणि आधुनिक वास्तुकला

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामविकासाच्या कामातील अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी अनेकांना प्रश्न पडला असेल की, घरकुलांच्या याद्या, शाळाखोल्यांची अंदाजपत्रके आणि मार्चअखेरचा खर्च यांत गुंतलेल्या मंडळींचा तत्त्वज्ञानाशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. परंतु भिंत कोठे उभी करावयाची, दार कोणत्या बाजूस ठेवावयाचे, ओटा ठेवावयाचा की काढून टाकावयाचा, हे ज्याने ठरविले, त्याने माणसांनी कसे जगावे याविषयीही काही ठरविलेले असते. तो विचार कागदावर लिहिलेला नसतो. तो विटा आणि सिमेंट यांत उतरलेला असतो. कागदावरील विचार पुढच्या सभेत बदलता येतो. भिंतीतील विचार मात्र पुढच्या दोन पिढ्यांना सांभाळावा लागतो. म्हणूनच तो आधी तपासून घेणे आपले कर्तव्य ठरते.

वास्तुकला हा शब्द मी इमारतींची रचना करण्याची कला व शास्त्र या अर्थाने वापरीत आहे. चूल कोणत्या दिशेस मांडली असता भाग्य उजळते, हा आजचा विषय नव्हे.

एका हाताने आखलेले नगर

आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानाचा आरंभ ज्याच्यापासून मानला जातो, त्या फ्रेंच विचारवंत रेने देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एक दृष्टान्त योजिला आहे. अनेकांनी वेळोवेळी भर घालून वाढविलेल्या जुन्या, वेड्यावाकड्या नगरांपेक्षा एकाच रचनाकाराने मोकळ्या मैदानावर आखलेले नगर अधिक सुव्यवस्थित असते, असा त्याचा आशय आहे. देकार्तला नगरे बांधावयाची नव्हती. ज्ञानाची इमारत पायापासून नव्याने कशी रचावी, हे त्याला सांगावयाचे होते. तथापि सुमारे तीनशे वर्षांनी वास्तुकारांनी हा दृष्टान्त जणू शब्दशः प्रत्यक्षात आणला.

ल कार्बुझिए या वास्तुकाराने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात घराची तुलना यंत्राशी केली. जहाज, मोटार आणि विमान ही जशी कामाच्या गरजेतून घडली, तसेच घरही घडावे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यापूर्वीच व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस याने इमारतींवरील निरर्थक नक्षीकामावर कठोर टीका केली होती. या विचारांची कुचेष्टा करणे आज सोपे आहे. पण त्या काळी युरोपातील औद्योगिक शहरांत कामगारांची कुटुंबे अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत राहत होती आणि क्षयरोगाने माणसे मरत होती. सर्वांना सारखा प्रकाश, सारखी हवा आणि सारखी स्वच्छता मिळाली पाहिजे, ही या नव्या वास्तुकलेमागील नैतिक प्रेरणा होती.

हाच विचार आपल्या देशातही आला. फाळणीमुळे लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ पासून चंडीगढच्या आखणीचे काम ल कार्बुझिएकडे आले. गतकाळाच्या बंधनांतून मुक्त झालेल्या राष्ट्राचे हे नगर प्रतीक व्हावे, अशी पंडित नेहरूंची भूमिका होती. सरळ रस्ते आणि चौकोनी विभाग यांमागे एका राष्ट्राची आकांक्षा उभी होती.

कोसळलेल्या इमारतींचा धडा

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात गरिबांसाठी प्रुइट-आयगो ही वसाहत बांधण्यात आली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती होत्या आणि १९५४ पासून लोक तेथे राहू लागले. १९७२ साली शासनानेच सुरुंग लावून त्यांपैकी पहिल्या इमारती पाडण्यास प्रारंभ केला आणि १९७६ पर्यंत सारी वसाहत जमीनदोस्त झाली. चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने १९७७ साली या घटनेला आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू असे संबोधले.

हा निष्कर्ष घाईचा होता. देखभालीचा खर्च भाड्यातून भागवावयाचा असे धोरण होते. भाडेकरू गरीब, त्यामुळे देखभाल होईना. शहराची लोकसंख्याही घटत चालली होती. लिफ्ट बंद पडल्या, दिवे गेले, लोक निघून गेले. तेव्हा सर्व दोष नकाशावर टाकणे न्याय्य नाही. इमारत बांधण्यास निधी आणि ती राखण्यास मात्र काहीच नाही, ही स्थिती आपणांस अनोळखी नाही. परंतु जे लोक तेथे राहावयाचे होते, त्यांना कसे राहावयाचे आहे हे आखणीच्या वेळी कोणी विचारले होते काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

बांधणे आणि वसणे

या प्रश्नाला तात्त्विक बैठक दिली ती मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्ववेत्त्याने. ऑगस्ट १९५१ मध्ये डार्मस्टाट येथे वास्तुकार व अभियंते यांच्यापुढे त्याने एक व्याख्यान दिले. युद्धात जर्मनीतील शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि घरांची तीव्र टंचाई होती. अशा वेळी त्याने सांगितले की, खरी अडचण केवळ घरांच्या संख्येची नाही. वसणे म्हणजे काय, हे माणसाला पुन्हा शिकावे लागते, ही खरी अडचण आहे. बांधणे या अर्थाच्या जर्मन शब्दाचे मूळ वसण्याच्या अर्थात आहे, याकडे त्याने लक्ष वेधले.

आपल्या भाषेला हे नवे वाटू नये. ‘वास्तु’ हा शब्दच मुळी ‘वस्’, म्हणजे राहणे, या धातूपासून आला आहे. निवास, वस्ती ही त्याचीच भावंडे. आपल्या पूर्वजांनी इमारतीला नाव दिले ते तिच्या भिंतींवरून नव्हे, तर तिच्यात चालणाऱ्या जगण्यावरून.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. भूमीशी असलेल्या नात्याची महती सांगणारा हा हायडेगर १९३३ साली नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. मातीचे प्रेम आणि ‘ही माती फक्त आमची’ हा अहंकार यांतील अंतर फार थोडे असते, हे विसरून चालणार नाही.

सेवाग्रामची कुटी

हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात कृतीतून हाताळला गेला होता. एप्रिल १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथे बांधावयाच्या घराचा खर्च शंभर रुपयांहून अधिक नसावा आणि साहित्य व कारागीर आसपासचेच असावेत, असा त्यांचा आग्रह होता. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड आणि कौले यांतून घरे उभी राहिली. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी कुटी मूळची मीराबेनसाठी बांधलेली.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले. या कुटीत बसून त्यांनी जे चिंतन केले, ते तेथील आपल्या भाषणात मांडले. कुटीतील जागांची त्यांनी गणना केली : पादत्राणे काढून मनाने तयार होण्याची जागा, सर्वांनी बसावयाची मधली खोली, गांधीजींची स्वतःची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी पडवी आणि प्रशस्त न्हाणीघर. एवढ्याशा कुटीत पाहुण्याला आणि आजाऱ्याला स्वतंत्र स्थान आहे, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. सामानसुमान साठविण्याची जागा आणि माणसाचे घर यांत इलिच यांनी भेद केला.

गांधीजींचा हा विचार पुढे व्यवसायातही उतरला. लॉरी बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले वास्तुकार गांधीजींना मुंबईत भेटले होते आणि त्या भेटीचा प्रभाव त्यांनी आयुष्यभर मानला. केरळमध्ये त्यांनी विटांची बचत करणारी पोकळ बांधणी आणि गिलाव्याविना भिंती यांतून कमी खर्चाची, सुबक घरे बांधली. २००७ साली त्यांचे निधन झाले.

जुने ते सारे सोने नव्हे

तथापि परंपरेचा पुरस्कार करताना दोन गोष्टी डोळ्यांआड करता येणार नाहीत. पहिली, सामाजिक न्यायाची. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर परखड टीका केली. आपल्या जुन्या गावांच्या रचनेतही एक तत्त्वज्ञान होते आणि ते विषमतेचे होते. कोणाचे घर वेशीच्या आत, कोणाचे बाहेर, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावयाचे, हे त्या रचनेने ठरविले होते. गावकूस ही देखील एक भिंतच. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो याच जाणिवेतून. नाव बदलते, पण नवी घरकुले पुन्हा त्याच कडेला, स्वतंत्र पुंजक्यात बांधली, तर जुने तत्त्वज्ञान नव्या सिमेंटमध्ये कायम होते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचा प्रचंड भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली. साहित्य स्थानिक होते, पद्धत परंपरागत होती. पण दगडांना एकत्र बांधणारा दुवा नव्हता. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे भूकंपरोधक झाली, रस्ते रुंद झाले. मात्र गल्ल्या, वाड्यांतील चौक आणि शेजार यांची जुनी वीण तशी परत आली नाही. येथे अभियांत्रिकी आणि वसणे हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

केवळ सद्हेतूही पुरेसा नसतो. इजिप्तमधील हसन फतही या वास्तुकाराने १९४५ च्या सुमारास लक्झरजवळ न्यू गुर्ना हे सुंदर गाव मातीच्या विटांनी बांधावयास घेतले. जगभर त्याची वाखाणणी झाली. परंतु ज्या गावकऱ्यांसाठी ते होते, त्यांपैकी बहुतेकांनी तेथे जाण्याचे नाकारले. आपली जुनी जागा सोडणे त्यांना मान्य नव्हते आणि हलविण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. यंत्रयुगाचा वास्तुकार असो वा मातीचा, राहणाऱ्याची संमती घेतल्यावाचून वास्तू पूर्ण होत नाही.

आपल्या हाती काय आहे ?

हे सारे आपल्या दैनंदिन कामाशी कसे जुळते? प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण ही २०१६ साली सुरू झाली, तेव्हा घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. ठेकेदार न नेमता लाभार्थ्याने स्वतः घर बांधावे, अशी या योजनेची भूमिका आहे. नियमावलीतील हे वाक्य किरकोळ नाही. राहणारा तोच रचनाकार, हे तत्त्वज्ञान त्यात आहे. ते प्रत्यक्षात येते की नाही, हे मात्र आपल्यावर अवलंबून आहे. लाभार्थ्याच्या हाती एकच छापील नकाशा देऊन त्याची सही घेतली, तर त्या वाक्याचा आत्मा नाहीसा होतो.

२५ चौरस मीटर जागा मोठी नाही. परंतु ती कशी मांडावी, पुढे एखादी खोली वाढविता येईल काय, जिना कोठून चढेल, पडवीला जागा राहील काय, हे विचारता येते. बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात सिडकोसाठी जी वसाहत रचली, तिच्यात हाच विचार होता. घरे लहान, पण प्रत्येकास मोकळी जागा. शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, म्हणून ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे. पुढे अनेकांनी मूळ घरे बदलली, काहींनी पार पाडून नवी बांधली. काही अभ्यासकांना त्याची हळहळ वाटते. माझ्या मते रचनाकाराने दिलेले स्वातंत्र्य लोकांनी वापरले, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षकबंधूंना ‘बाला’ हा उपक्रम परिचित आहे. शाळेची इमारत हेच शैक्षणिक साधन, ही त्यामागील कल्पना. दाराच्या उघडझापीतून कोन, पायऱ्यांतून अंकगणित, खिडकीच्या सावलीतून सूर्याची गती शिकता येते. परंतु केवळ भिंती रंगविल्या आणि फळा मुलांच्या हाताला येईना, किंवा अपंग मुलाला शाळेच्या पायऱ्या चढता येईनात, तर ती इमारत वेगळाच धडा शिकविते : ही जागा तुझ्यासाठी नाही. मुले असे धडे चटकन शिकतात आणि दीर्घकाळ विसरत नाहीत.

माझी विनंती एवढीच आहे की, पुढील वेळी घरकुलाचा, शाळाखोलीचा वा ग्रामपंचायत कार्यालयाचा नकाशा ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा खर्चाच्या आकड्याबरोबर त्यातील माणसांचाही विचार व्हावा. या वास्तूत म्हातारी आई दुपारी कोठे बसेल? बाळंतिणीला आडोसा कोठे मिळेल? सांडपाणी कोणाच्या दारात जाईल? गावातील कोणते कुटुंब या रचनेमुळे दूर पडेल? पाच वर्षांनी छत गळू लागले, तर दुरुस्तीचा पैसा कोठून येईल? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. अभियंत्याला ते आवडणार नाहीत असेही समजू नये. चांगल्या अभियंत्याला अशा प्रश्नांची वाटच असते.

देकार्तने सरळ रेषेची ओढ दाखविली, हायडेगरने वसण्याचा अर्थ विचारला, गांधीजींनी तो शंभर रुपयांत आणि आसपासच्या मातीत शोधला आणि बाबासाहेबांनी त्या वसण्यात सर्वांना समान स्थान आहे काय, असे खडसावून विचारले. या चौघांपैकी कोणालाही वगळून आपले गाव नीट बांधता येणार नाही. अंतिम निर्णय मात्र त्यांच्यापैकी कोणी घ्यावयाचा नाही. तो ग्रामसभेत बसणाऱ्या माणसांनी घ्यावयाचा आहे. तो त्यांनी विचारपूर्वक घ्यावा आणि आपण त्यांना तशी संधी द्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.