शपथ, दुकान आणि दवाखाना



चैत्री पौर्णिमा होऊन आज तिसरा दिवस. खानदेशातून पायी आलेली मंडळी गडावरून उतरून परतीला लागली आहेत, आणि आपल्याला आता कुठे व्याख्यान ऐकण्याइतकी उसंत मिळाली आहे. मला विषय दिला आहे तो ‘व्यसन आणि गावाचे आरोग्य’ हा. चालकांचा कयास असा असावा की, हा डॉक्टर माणूस, दारूने यकृत कसे बिघडते ते सांगेल आणि मंडळी जरा घाबरून घरी जातील. यकृताचे म्हणणे खरेच आहे. परंतु ते ऐकून कोणी दारू सोडल्याचे माझ्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात मला आढळले नाही. म्हणून मी जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे.

दारू हा गावाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी एका माणसाने सांगून ठेवले आहे. महात्मा फुले पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १८८० च्या जुलैत त्यांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट यांना एक पत्र लिहिले. शहरात दारूची दुकाने वाढत चालली होती. जोतीरावांचा मुद्दा असा की, लोकांच्या आरोग्याची काळजी वाहण्यासाठी म्युनिसिपालिटी माणसे नेमते, खर्च करते. मग त्याच आरोग्याचा नाश करणारी दुकाने तिने निमूटपणे का पाहावीत? त्यांच्यावर कर बसवावा. त्या पत्रातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. दोनच वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला होता आणि दारूचे उत्पन्न सरकारला गोड लागले होते. पण पाहा, जोतीरावांनी ‘पापी’ आणि ‘पुण्यवान’ ही भाषा बाजूला ठेवून गटारे आणि पिण्याचे पाणी यांच्या पंगतीला दारूचे दुकान आणून बसवले. माझ्या मते ही मोठी दृष्टी होती.

पुढे आपण ती दृष्टी अर्धीच उचलली. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचे आरोग्य सुधारणे आणि मादक पेयांना बंदी करणे ही दोन कर्तव्ये एकाच दमात सांगितली आहेत. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, काही वर्षे कडक चालला, हातभट्ट्या वाढल्या, आणि १९६३-६४ पासून तो ढिला होत गेला. नाव बदलून तो आजही पुस्तकात आहे. या सगळ्या खटाटोपात दुकानाचा विचार झाला, परवान्याचा झाला, पोलिसाचा झाला. पिणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा विचार कोणी केला? तो माणूस एक तर गुन्हेगार ठरला, नाही तर घराण्याला लागलेला डाग. आजारी मात्र ठरला नाही.

मी स्वतःही त्याला आजारी ठरवले नव्हते. ही गोष्ट या गावात मी आजवर बोललो नाही, आज बोलतो.

व्यवसायाला लागून मला चार-पाच वर्षे झाली होती. पंचक्रोशीतले एक शेतकरी गृहस्थ, वय चाळिशीच्या आत, रोज सकाळपासून पीत. थोरला भाऊ त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मी त्यांना तपासले, भरपूर रागावलो आणि म्हणालो, “मर्द असाल तर गडावर जा, भगवतीसमोर शपथ घ्या आणि आजपासून थेंबाला शिवू नका.” ते खरोखरच गेले. भावाला घेऊन पायऱ्या चढून गेले आणि नारळ फोडून शपथ घेऊन आले. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, अन्न जाईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बोलावणे आले. अंगातून घामाच्या धारा, ताप, आणि डोळे भिंतीवर. भिंतीवरून मुंग्या येताहेत असे म्हणून अंथरूण झटकीत होते. शेजारी भगताला आणायची बोलणी चालली होती. मी भगताला हसलो आणि स्वतः काय केले? “दारू मिळत नाही म्हणून सोंग आहे, उद्या उतरेल,” असे सांगून झोपेची एक गोळी ठेवून परत आलो. पहाटे ते गेले.

दहाव्याला मी गेलो होतो. त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, शपथ तेवढी मोडली नाही त्यांनी.”

ते सोंग नव्हते. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीशी जमवून घेतो, गुंगीतही जागे राहता यावे म्हणून आतून सारखा जोर लावीत असतो. दारू एकाएकी तोडली की समोरचे वजन निघून जाते आणि तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दिवशी कंप, कोणाला झटके, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, ताप, छातीची धडधड. यात माणूस दगावू शकतो. उपाय अवघड नाहीत. मेंदू शांत करणारे औषध मोजून द्यायचे आणि चार-आठ दिवसांत कमी करीत आणायचे. ब-१ जीवनसत्त्व टोचायचे, आणि तेही ग्लुकोजची बाटली लावण्याच्या आधी. आणि जवळ माणूस बसवायचा. हे सारे तेव्हाही पुस्तकात होते. मी ते पान वाचले होते, पण दारुड्यासाठी ते उघडावे असे मला वाटले नाही.

शरीर असे आठवड्यात सावरते. मन सावरायला वेळ लागतो, आणि खरी गोम तिथे आहे. माणूस मुळात का प्याला हे त्याला कोणी विचारीत नाही. गारपिटीने द्राक्षबाग झोपली, सोसायटीचे कर्ज थकले, झोप येईना, म्हणून प्याला. पिऊन चार तास झोप लागली. पण दारूने आणलेली झोप उथळ, उदासी आणखी दाट. ती घालवायला पुन्हा दारू. आधी उदासी की आधी दारू, हे पुढे पुढे डॉक्टरालाही सांगता येत नाही, आणि म्हणून दोहोंवर एकदमच उपचार करावे लागतात.

हे करून दाखवणारे आपल्या महाराष्ट्रातच निघाले. १९८० नंतर मुंबई-पुण्यात ‘गर्द’ नावाची भुकटी आली आणि चांगल्या घरची मुले तिने गिळली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाल्या-झाले आणि त्यांनी देणगी पुढे केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्या रुग्णालयाच्या आवारात १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू झाले. जागा सरकारी, देणगी लेखकाची, आणि पुढे समुपदेशनाला बसलेली पुष्कळ माणसे स्वतः एके काळी व्यसनात बुडालेली. तिथे पाच आठवडे राहायचे, घरच्यांनीही येऊन बोलायचे, आणि पुढे व्यसनाशिवाय वर्ष काढले की त्या दिवसाचा वाढदिवस साजरा करायचा. पन्नाशीच्या गृहस्थाला पहिल्या वाढदिवसाला रडताना ज्याने पाहिले आहे, तो पुन्हा ‘दारुडा’ हा शब्द सहजी वापरणार नाही.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. तिथे लोकांच्या चळवळीतून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदी झाली तरी चोरटी दारू राहिलीच. तेव्हा २०१६ पासून डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सरकारला बरोबर घेऊन ‘मुक्तिपथ’ सुरू केला: गावोगाव लोकांच्या संघटना, आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनींसाठी दवाखाना. दुकान बंद करणारा हात आणि माणसाला सावरणारा हात, दोन्ही एकाच अंगाला जोडलेले.

आपल्याकडे यांपैकी पहिल्या हाताला कायद्याचे बळ आहे. बायकांनी मागणी करून मतदान घडवून आणायचे आणि ‘आडवी बाटली’ जिंकली की दुकान बंद. राज्यात कित्येक गावांनी हे केले आहे. दुसरा हात मात्र लुळा आहे. २०१९ साली देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांत एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. जोतीरावांना हवा होता तो कर आज मिळतो, हजारो कोटींनी मिळतो. अडतिसातले उरलेले सदतीस जण कुठे आहेत, ते आपण आपल्या गल्लीत मोजावे. गावाच्या आरोग्य समितीच्या सभेत विहिरीचे पाणी निघते, डासांची फवारणी निघते. हा विषय एकदा तिथे काढा. आठवड्यातून एक दिवस, सरकारी दवाखान्यातली एक खोली, औषध देणारा डॉक्टर आणि ऐकून घेणारा एक माणूस, एवढीच माझी मागणी आहे. खोलीवर ‘व्यसनमुक्ती’ अशी पाटी लावू नका म्हणजे झाले. पाटी पाहून कोणी आत येणार नाही.

तोवर मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. पाठीमागे फळ्यावर तो लिहिला आहे.

आणि एक. परवा पौर्णिमेला गडावर कोणी ना कोणी शपथ घेतली असेलच. शपथ चांगलीच आहे, मी तिला हसत नाही. पण रोज पिणारा असेल, तर आज त्याचा तिसरा दिवस आहे. आपल्या आळीत असे कोणी असेल, तर येथून घरी जाताना त्याच्या ओट्यावर क्षणभर थांबा, हात थरथरतात का, भलतेसलते दिसते का, ते पाहा. तसे असेल तर सकाळची वाट पाहू नका, भगताची नको आणि माझ्यासारख्या शहाण्याचीही नको. गाडी काढा आणि रात्रीच दवाखान्यात न्या. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिकाही येते.