जायबंदी सैनिकाचे निवृत्तिवेतन : दया की देणे?



आजचा आमचा विषय रुक्ष आहे. त्यात टक्के आहेत, नियम आहेत, रुपये-पैसे आहेत. परंतु ज्याचे दोन्ही पाय गेले, किंवा मणका दुखावून ज्याचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले, त्या जवानाचे उरलेले आयुष्य याच टक्क्यांवर आणि नियमांवर चालते. शौर्याच्या कथा आपण या व्यासपीठावरून पुष्कळ ऐकल्या आहेत. आज शौर्यानंतरचा हिशेब पाहावा, असे आम्हांस वाटते.

पुण्याला हा विषय परका नाही. पेशवाईच्या दप्तरांत ‘बालपरवेशी’ हा शब्द आढळतो. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोटापाण्याची सरकारने केलेली ती तरतूद. पुढे, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या शिपायांना हाताशी एखादा धंदा असावा म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली आणि नंतर ती खडकीस आली. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७४ साली खडकीलाच, मणक्याच्या दुखापतीने लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. या संस्था आपल्या अगदी शेजारी आहेत.

आता मुख्य गोष्ट. अशा सैनिकाला सरकार जे देते, ते काय समजून देते? दया म्हणून, की देणे म्हणून? दया करणारा आपल्या मर्जीने हात आखडता घेऊ शकतो. देणे मात्र चुकते करावेच लागते.

प्रथम हिशेब कसा होतो ते पाहू. एका जवानाचे अखेरचे वेतन ४०,००० रुपये होते असे समजा. शांततेच्या ठाण्यात कामावर असताना लष्करी गाडी उलटली, तो शंभर टक्के अपंग झाला आणि सेवेतून काढला गेला. २००६ नंतरच्या नियमांप्रमाणे त्याला दोन भाग मिळतात. पहिला सेवेचा, वेतनाच्या निम्मा, म्हणजे २०,०००. दुसरा अपंगत्वाचा, वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. एकूण ३२,०००, आणि त्यावर महागाईची वाढ. हेच अपंगत्व शत्रूच्या गोळीने आले असते, तर दुसरा भाग वेतनाइतकाच, म्हणजे ४०,००० झाला असता आणि बेरीज ६०,०००. युद्धातल्या जखमेला अधिक मान असावा, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु दोन्ही घरांत बिछान्यावर पडलेला माणूस एकच आहे, औषधाचा खर्च एकच आहे, हे विसरून चालणार नाही.

हे पैसे हाती पडण्यापूर्वी दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला दरवाजा कारणाचा. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले, किंवा सेवेमुळे वाढले, असे ठरावे लागते. गोळी लागली तर प्रश्नच नाही. पण आजार आला तर? मन ढासळले तर? सिग्नल दलातील एक जवान १९८५ साली भरती झाला. १९९४ साली फेफऱ्याच्या विकारामुळे त्याला वीस टक्के अपंग ठरवून घरी पाठवले, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाचे वेतन नाकारले. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, त्याचा सारांश असा : भरतीच्या वेळी तपासणीत ज्या आजाराची नोंद झाली नाही, तो नव्हता असेच धरावयाचे. पुढे तो उद्भवला, तर त्याचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. शंकेचा फायदा सैनिकाला.

हा निर्णय म्हणजे आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. दया मागणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करावयाची असते. देणे असेल, तर ते का चुकवत नाही हे देणेकऱ्याने सांगावयाचे असते.

दुसरा दरवाजा टक्क्यांचा. माणसाचे शरीर कितपत निकामी झाले, हे वैद्यक मंडळ ठरवते. एक मंडळ चाळीस म्हणेल, दुसरे साठ. हा घोळ ओळखून १ जानेवारी १९९६ पासून नियम झाला, की पन्नासांहून कमी टक्के असतील तर ते पन्नास धरावेत, पन्नास ते पंच्याहत्तर असतील तर पंच्याहत्तर, आणि त्यापुढे शंभर. परंतु हा लाभ सेवेतून काढलेल्यांनाच दिला गेला. अपंगत्व सोसून जे नेटाने नोकरीची मुदत पुरी करून निवृत्त झाले, ते वगळले गेले! ती त्रुटी दूर होण्यास डिसेंबर २०१४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. २०१५ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने चालवलेल्या अपिलांवर कठोर टीका केली.

यावर कोणी म्हणेल, की रक्तदाब आणि मधुमेह यांच्या नावावरही वेतने काढली जातात, त्यांचे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नवे नियम केले, त्यांमागे हीच चिंता होती. खोटे दावे जरूर गाळावेत. मात्र चाळण इतकी बारीक नको, की हातपाय गमावलेला मनुष्यही तीत अडकून पडावा.

आता घराच्या आत जाऊ. लुळ्या पडलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या चिघळतात. लघवीच्या नळीची निगा राखावी लागते, आंघोळ घालावी लागते, उचलून खुर्चीत बसवावे लागते. हे सारे कोण करते? बहुधा पत्नी, नाहीतर आई. शंभर टक्के अपंग सैनिकाला सोबत्यासाठी भत्ता मिळतो. जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये ठरला. दिवसाचे झाले २२५ रुपये, आणि त्यात रात्रही आली. एवढ्या पैशांत पुण्यात चोवीस तासांचा माणूस कोठे मिळतो, हे ज्यांनी घरी आजारपण काढले आहे त्यांना आम्ही सांगावयास नको. उरलेली मजुरी ती माउली देते, आणि तिचा हिशेब कोठेच मांडला जात नाही.

शेवटची गोष्ट खडकवासल्याची. प्रबोधिनीत शिकणारा छात्र कवायतीत किंवा खेळात मान मोडून घेतो आणि जन्माचा पांगळा होतो. भरती झालेला साधा शिकाऊ जवान सैनिक गणला जातो, त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते. छात्र मात्र अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून तो माजी सैनिकही नाही. सातव्या वेतन आयोगानंतर त्याच्यासाठी मूळ रक्कम ठरली ९,००० रुपये, आणि शंभर टक्के अपंगत्व असेल तर आणखी १६,२०० व सोबत्याचा भत्ता. या रकमेचे सरकारी नाव ‘सानुग्रह’, म्हणजे कृपा म्हणून दिलेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न आपण होऊन हाती घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने या मुलांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले. पाऊल चांगले पडले. तरी ज्याला आपण देशासाठी बोलावून नेले, त्याच्या मोडलेल्या मणक्याबद्दल ‘कृपा’ हा शब्द वापरणे आम्हांस शोभत नाही.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. त्यांचा अभिमान आपण बाळगतोच. पण ज्याला हातही हलवता येत नाही, त्याने कोणते पदक आणावे म्हणजे आपल्याला त्याची आठवण होईल?

मग आपण नागरिकांनी करावे काय? दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या पेटीत आपण नाणे टाकतो. ते जरूर टाकावे. त्याहून उपयोगाचे एक काम आहे. आपल्या गल्लीत, आपल्या गावी असा कोणी असेल, तर त्याचे कागद पाहावेत. दुखापतीचा अहवाल आणि वैद्यक मंडळाचा निर्णय जपून ठेवला आहे का? दावा नाकारला असेल, तर अपील केले का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दार त्याला ठाऊक आहे का? सैन्यदल न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईत आहे, हे त्याला कोणी सांगितले का? खेड्यातल्या जवानाचा हक्क पुष्कळदा एका कागदावाचून बुडतो. या सभागृहात वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त कारकून आहेत. महिन्याचा एक रविवार त्यांनी या कामी द्यावा, एवढीच आमची विनंती.

गरज सरो, वैद्य मरो, अशी म्हण आपल्याकडे आहे. सैनिकाच्या बाबतीत ती खरी ठरू नये. त्याने आपला करार पुरा केला आहे. आपली बाजू पुरी करावयाची राहिली आहे.