परदेशातून आलेल्या माणसाचं पाणीपुराण

(सप्टेंबर 2025 मध्ये आकाशवाणीवरून झालेलं भाषण)



मला विषय दिलाय ‘निवृत्त अनिवासी भारतीयाच्या नजरेतून आजचं जग’. विषय केवढा आणि मिनिटं केवढी! म्हणून जग आधी उरकून घेतो, म्हणजे मला बोलायचंय त्याला वेळ राहील.

मी ओमानहून परत आलो आणि बुलडाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातल्या माझ्या गावी राहायला लागलो, तेव्हापासून पारावर बसलं की एकच प्रश्न. “काऊन जी काका, ट्रम्पचं काय चाललंय?” आता ट्रम्प काही मला विचारून करत नाही. 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या बऱ्याच मालावर अमेरिकेत 50 टक्के कर बसला, इकडे आपल्या सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. खामगाव-मलकापूरला कापूस नेणाऱ्या माणसाला दोन्हीकडून दणका. वाईट झालं, एवढंच मी म्हणू शकतो. दुसरा प्रश्न, पोराला आखातात पाठवू का? पाठवा, पण दहावी पास करून पाठवा. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर सरकारी मंजुरीची अट असते, तेवढ्यातच दलाल हात धुऊन घेतो. आणि व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नये, कोणी कितीही गोड बोललं तरी. तिसरा प्रश्न सोन्याच्या भावाचा. तो मला कळत नाही.

झालं जग.

आता जो प्रश्न मला कोणीच विचारत नाही, त्याचं उत्तर देतो. ओमानात वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बारमाही नदी नावालाही नाही. आपल्याकडे 700 मिलिमीटर आणि त्याहून जास्त पडतो. तरी मार्च लागला की टँकर आपल्याकडे येतो. हे कसं काय?

तुम्ही म्हणाल, ते समुद्राचं पाणी गोड करून पितात. बरोबर आहे. माझी उमेदीची वर्षं मस्कतला असल्याच एका प्रकल्पावर पंप सांभाळण्यात गेली. पण त्यासाठी समुद्र लागतो आणि जाळायला इंधन लागतं. बुलडाण्याला दोन्ही नाही. म्हणून ते सोडा. मी सांगतोय ते त्याच्या फार आधीचं, निझवासारख्या आतल्या गावांतलं. तिथे फलज असतात. डोंगराच्या पायथ्याशी एक मूळ विहीर, तिथून जमिनीखालून हळूहळू उताराचा बोगदा आणि मग उघडा पाट. ना मोटार, ना लाईन. असे तीन हजारांवर फलज ओमानात अजून वाहतात, आणि त्यांतले पाच 2006 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतले. निझवाचा फलज दारिस त्यांतला एक. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन पाटात पाय सोडून बसायचो.

बांधकामाचं कौतुक बाजूला ठेवा. वाटणी ऐका. पाट उघड्यावर आला की पहिली जागा पिण्याच्या पाण्याची. तिथे कोणीही यावं, वाटसरूनंही घागर भरावी, पैसा नाही. त्याच्याखाली मशिदीचं पाणी, मग आंघोळीच्या जागा. मग खजुराच्या बागा. आणि सगळ्यात शेवटी, पाटाच्या शेपटाला, हंगामी पिकांची जमीन. पाणी कमी झालं की ही शेवटची जमीन त्या वर्षी पडीक राहते. आधी तीच सोडतात, कारण खजुराचं झाड एकदा वाळलं की पुन्हा उभं करायला वर्षं जातात आणि गव्हाचं वावर पुढल्या साली पेरता येतं. प्रत्येकाची पाळी वेळेवर मोजलेली, साधारण अर्ध्या तासाचा एक वाटा. पूर्वी दिवसा खांबाच्या सावलीवर आणि रात्री चांदण्यांवर मोजायचे, आता मनगटावर घड्याळ आहे. काही वाटे खुद्द फलजच्या मालकीचे. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढतात, डागडुजी करतात.

तिथे सगळं सोन्यासारखं आहे असं समजू नका. खजुराच्या बागांत घाम गाळणारे हात बहुतेक आपल्याकडचे नाहीतर बांगलादेशचे. आणि बोअर आले तसे कितीतरी फलज आटले. तेव्हा त्यांच्या सरकारनं विहिरींना परवाना लावला आणि फलजच्या मूळ विहिरीभोवती नवी विहीर खोदायला बंदी केली. शहाणपण त्यांनाही ठेच लागूनच आलं.

आता घरचं सांगतो. आमच्या आईची ज्वारीची कणगी होती. तुमच्याही घरी असेल, निदान आजीच्या घरी. खळं झालं की वरून भरायची, शेणानं लिंपून बंद करायची आणि खाली एक भोक, त्याला चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की पायलीभर ज्वारी आली, बोळा घातला की बंद. आत किती उरलीय ते दिसत नाही. पण आईला माहीत असायचं. भरताना तिनं पोती मोजलेली, रोज किती काढली हे ध्यानात. संक्रांतीला ती ठरवायची की यंदा पाहुण्यांना मोकळा हात की आखडता. बियाणं वेगळ्या मडक्यात, त्याला कोणी हात लावायचा नाही.

आपल्या गावाखालचं पाणी म्हणजे ही कणगी. वरून पाऊस भरतो. काळा पाषाण आहे आपल्याखाली, त्याच्या वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत मावेल तेवढंच मावतं. समजा, पाच भावांचं घर आहे आणि प्रत्येकानं आपापल्या खोलीकडून त्याच कणगीला एकेक भोक पाडलं. एकानं खाली पाडलं, दुसऱ्यानं त्याच्याही खाली. कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरच्या खाली विंधन विहीर नेता येत नाही, हे गाडी बोलावताना कोणाला आठवतं? रातची लाईन येते म्हणून मोटार ऑटोवर टाकून आपण झोपतो. म्हणजे बोळा काढून ठेवून झोपायचं! पाणी बांध फोडून नाल्याला गेलं तरी मोटार चालूच. त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज मोफत. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भोक मोठं झालं हेही खरं.

आणि आपण काय करतो? कणगी मोठी करतो. नाला खोलीकरण केलं, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावंच्या गावं उन्हात घमेली घेऊन उतरली. हायवेच्या भरावाला मुरूम हवा होता, तो तळी आणि नाले खोल करून दिला, त्या ‘बुलडाणा पॅटर्न’चं दिल्लीपर्यंत नाव झालं. उत्तम काम. मी हात जोडतो त्या लोकांना. पण कणगी दुप्पट केली आणि भोकं चौपट केली, तर घरात उपास तोच! साठवण्याचं काम आपण शिकलो. मोजण्याचं अजून शिकायचंय. पुन्हा सांगतो, कारण रेडिओ ऐकता ऐकता कोणी चहा ठेवायला उठलं असेल. मोजण्याचं शिकायचंय.

बुलडाणा जिल्ह्याला तर हे दुसऱ्या कोणी शिकवायला नको. आपण पाणलोटाच्या माथ्यावर बसलोय. पैनगंगा बुलडाणा शहराजवळ उगम पावते आणि आमच्या मेहकरवरून पुढे जाते, शेवटी बंगालच्या उपसागराकडे. घाटाखालची पूर्णा तापीला मिळते, ते पाणी अरबी समुद्राला. माथ्यावरच्या माणसाकडे पाणी येत नाही, त्याच्याकडून जातं. आपल्याला वरून कोणी सोडणार नाही. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडे खारपाणपट्टा. तिथे विहिरीत पाणी आहे, पण खारं. तिथल्या किडनीच्या आजारावर एक वेगळं भाषण होईल, आणि वान धरणाच्या पाण्यावरही बोललं पाहिजे, पण... असो. ते पुन्हा कधी संधी मिळाली तर.

आता मोजायचं कसं? लोकांना वाटतं याला इंजिनिअर लागतो. काही लागत नाही. सुतळी घ्या, टोकाला दगड बांधा, दर मीटरला गाठ मारा. विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेवरून सोडा. सकाळी मोटार चालू व्हायच्या आधी मोजा, कारण उपसा झाल्यावर मोजलं तर विहीर खोटं सांगते. गावच्या आठ-दहा विहिरी धरा, चढावरच्या, उतारावरच्या, नाल्याकाठच्या. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चारदा पातळी घेते. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हीही त्याच चार महिन्यांत मोजा आणि शाळेच्या भिंतीवर लिहा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 4,000 लिटर पाणी, हे गणित सातवीतलं पोरगं करतं. त्याच्याकडूनच करून घ्या, गुरुजी खूश होतील. अटल भूजल योजनेत आपला जिल्हा होता, तिच्यात गावाचा ताळेबंद मांडणं हा गाभाच होता. नगरच्या हिवरे बाजारला हा हिशेब फार वर्षं चालू आहे. ऑक्टोबरात गाव बसतं आणि रब्बीला कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरतं. गव्हाला पाच-सहा पाणी लागतं, हरभऱ्याचं एक-दोनवर भागतं. कोणाची संत्र्याची बाग आहे? मग ते झाड आधी आणि गहू नंतर. खजुराचंच गणित, फक्त झाड आपलं.

आमच्या गावात एक भाऊ आहेत, माझ्यापेक्षा हुशार. ते म्हणाले, “काका, मी नाही उपसलं त शेजारी उपसते. मंग मीच काऊन सोडू?” हाच खरा प्रश्न आहे, आणि एकट्या माणसाकडे त्याला उत्तर नाही. म्हणून मी म्हणतो, हे एकट्याच्या बांधावर ठरायचं काम नाही. ग्रामसभेत ठरायचं.

आता ग्रामसभा म्हटलं की तुम्ही रेडिओ बंद करणार, ठाऊक आहे मला. थांबा जरा! आपल्याकडे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांतली एक पडते 2 ऑक्टोबरला. तारीख बघा कशी मोक्याची आहे. पाऊस संपत आलेला, सोयाबीन काढणीला, हरभरा अजून पेरायचा. कणगी भरलेली आणि बोळा अजून घातलेला. मोजायला याच्याइतका चांगला दिवस नाही. आणि त्या दिवशी आपण काय करतो? फोटोला हार घालतो, जिलेबी खातो आणि घरी जातो. गणपूर्तीला गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतले कमी असतील तेवढे लागतात. तेवढेही येत नाहीत. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! म्हणजे चार टाळकी बसून ठराव करतात आणि वर्षभर आपण पारावर बसून त्यांच्या नावानं बोटं मोडतो. ट्रम्पचा कर आपल्याला कमी करता येणार नाही. आपल्या गावची ही सभा भरवणं तर आपल्या हातात आहे की नाही? पारावर माणसं कमी नसतात हो, मी मोजलेली आहेत!

बायांना वेगळं सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. पिण्याच्या पाण्याचा वाटा पहिला, हा ठराव तिथूनच आला पाहिजे. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो?

यंदा मला लोक हसतील. पावसानं झोडपून काढलंय, कितीतरी ठिकाणी सोयाबीन पाण्यात आहे, विहिरी तोंडोतोंड भरल्यात. आणि हा म्हातारा म्हणतो पाणी मोजा! पण आई ज्वारी कधी मोजायची? कणगी भरताना. रिकाम्या कणगीत हात घालून काय मोजणार? दुष्काळात मोजलं तर भांडणं होतात, कारण वाटायला काही नसतं. भरल्या सालातच वाटणीची बोलणी गोडीनं होतात.

एक राहिलं. कोणी म्हणेल हे ओमानचं इथे कशाला. अहो, हे आपलंच आहे. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, पिढ्यान्‌पिढ्या. नदीवर बंधारा, खाली जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी. शेतमालकानं स्वतः पाटाला हात लावायचा नाही. त्या पाटकऱ्याला मोबदला कसा द्यायचे, ते फार शहाणपणाचं होतं, ते असं की...

काचेपलीकडून बाई हात दाखवताहेत. बरं, ते राहू द्या. 2 ऑक्टोबरला सकाळी, मोटार चालू व्हायच्या आधी. सुतळी, दगड आणि रंगाचा डबा. सरपंचांना आजच सांगून ठेवा, विषयपत्रिकेत ‘पाण्याचा ताळेबंद’ असं लिहून घ्या, कारण तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही.